क्रीडाप्रशिक्षणाचे मानसशास्त्र

खेळाडूचे कौशल्य, अवधान, भावना व प्रेरणा यांचा शास्त्रीय अभ्यास करून त्या ज्ञानाचा त्याची कामगिरी उंचावण्यासाठी उपयोग करणारी मानसशास्त्राची एक उपयोजित शाखा. शरीराची क्षमता व तंत्र यांत जवळजवळ समान असलेल्या दोन खेळाडूंपैकी एक मोक्याच्या क्षणी आपली नेहमीची पातळी गाठतो व दुसरा गाठू शकत नाही, असे का घडते. उत्तम खेळू लागलेल्या खेळाडूची प्रगती एका टप्प्यावर का खुंटते आणि ती पुन्हा सुरू करण्यात प्रशिक्षकाचा वाटा कोणता, हे ह्या शाखेपुढील प्रमुख प्रश्न होत. कौशल्य एकदा अंगवळणी पडले, की ते करणाऱ्याला स्वतःची कृती नीट दिसेनाशी होते. तिच्यातील दोष हेरण्यासाठी बाहेरची जाणती नजर लागते. श्रेष्ठ खेळाडूलाही प्रशिक्षकाची गरज भासते, ती मुख्यतः ह्या कारणामुळे. मात्र हीच नजर खेळाडूला सावरते, तशी त्याला अवघडवूनही टाकू शकते. म्हणून ती कशी वापरावी, हाही ह्या शास्त्राचा विषय आहे.

ऐतिहासिक आढावा : ह्या विषयातील आरंभीचे संशोधन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या १८९८ मधील अभ्यासाचा उल्लेख करतात. एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्या सायकलपटूपेक्षा इतरांच्या सोबतीने धावणारा सायकलपटू अधिक वेग गाठतो, असे त्यांना शर्यतींच्या नोंदींवरून दिसून आले. पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी ह्या प्रकारच्या निष्कर्षांची सुसंगत मांडणी केली. दुसऱ्याच्या उपस्थितीने उत्तम आत्मसात झालेली कृती सुधारते, तर अर्धवट शिकलेली कृती बिघडते, असे त्यांनी प्रतिपादन केले.

प्रशिक्षणाच्या प्रश्नांचा पद्धतशीर विचार कोलमन ग्रिफिथ (१८९३–१९६६) यांनी सुरू केला. १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांच्या देखरेखीखाली क्रीडाविषयक संशोधनासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली. सायकॉलॉजी ऑफ कोचिंग (१९२६) व सायकॉलॉजी अँड ॲथलेटिक्स (१९२८) हे त्यांचे ग्रंथ ह्या विषयातील आद्य ग्रंथांत गणले जातात. प्रयोगशाळा १९३२ मध्ये बंद पडली. १९३८ मध्ये ‘शिकागो कब्ज’ ह्या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या मालकाने ग्रिफिथ यांची नेमणूक केली. तथापि संघाच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या सूचनांकडे दुर्लक्ष केले व हा उपक्रम फारसा फलद्रूप झाला नाही. अनुभवी प्रशिक्षक व प्रयोगशाळेतून आलेला अभ्यासक यांच्यातील हा अविश्वास पुढेही अनेक ठिकाणी आढळून आला.

सोव्हिएट संघात लेनिनग्राड येथे ए. सी. पुनी व मॉस्को येथे पी. ए. रुडिक यांनी ह्या विषयाचा पाया घातला. १९६५ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय क्रीडा-मानसशास्त्र संघटना स्थापन झाली. त्यानंतर ह्या शाखेला स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून सर्वत्र मान्यता मिळत गेली.

कौशल्यसंपादन व पठारावस्था : पॉल फिट्स व मायकेल पोझ्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत शिकणारा प्रत्येक हालचालीचा जाणीवपूर्वक विचार करतो. दुसरीत हालचाली एकमेकींशी जुळू लागतात व चुका कमी होतात. तिसरीत कृती आपोआप घडू लागते व तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही. ह्या स्वयंचलनामुळे अवधान मोकळे होते. फलंदाजाला बॅट कशी धरली आहे याचा विचार करावा लागत नाही. तो गोलंदाजाच्या हातातील चेंडूकडे पाहू शकतो.

परंतु ह्या लाभाबरोबर एक हानीही संभवते. आपोआप घडणाऱ्या कृतीत शिरलेला दोषही आपोआप घडू लागतो. प्रगती काही काळ थांबल्यासारखी वाटते, ह्या अवस्थेस पठारावस्था म्हणतात. विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी १८९७ व १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तारयंत्र चालविणाऱ्यांच्या अभ्यासात ती प्रथम नोंदविली गेली. सुट्या अक्षरांच्या खुणा ओळखण्याच्या सवयीतून सबंध शब्द व वाक्ये एकदम ओळखण्याच्या सवयीकडे जाताना शिकणाऱ्याची गती काही काळ वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तात्पर्य, पठारावस्था म्हणजे क्षमतेची अखेरची मर्यादाच असे नव्हे. पुष्कळदा जुनी पद्धत पुरेशी राहिलेली नाही व नवी अद्याप बसलेली नाही, एवढाच तिचा अर्थ असतो.

निष्णाताची दृष्टी नवशिक्याहून वेगळी असते, हे बुद्धिबळावरील संशोधनाने दाखवून दिले. विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांच्या १९७३ मधील प्रयोगात प्रत्यक्ष डावातील मांडणी काही सेकंद दाखविली असता, श्रेष्ठ खेळाडूने ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक अचूकपणे पुन्हा मांडली. पण मोहरे कसेही विखरून ठेवले, तेव्हा त्याचे हे आधिक्य जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे श्रेष्ठत्व सर्वसाधारण स्मरणशक्तीत नसून, त्या खेळातील अर्थपूर्ण रचना ओळखण्याच्या सवयीत होते. कुशल प्रशिक्षकाची नजरही अशाच प्रकारे घडते. पावलाच्या ठेवणीवरून किंवा खांद्याच्या किंचित झुकावावरून दोषाचे मूळ त्याला कळते.

हेतुपूर्वक सराव : स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन (१९४७–२०२०) व त्यांचे सहकारी यांनी बर्लिन येथील संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून १९९३ मध्ये ‘हेतुपूर्वक सरावा’ची कल्पना मांडली. नुसती पुनरावृत्ती व हेतुपूर्वक सराव यांत त्यांनी भेद केला. हेतुपूर्वक सरावात नेमकी उणीव हेरून तिच्यासाठी योजलेला पाठ असतो, तो सध्याच्या क्षमतेच्या किंचित पलीकडचा असतो, परिणामाची माहिती तत्काळ मिळते व चूक दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न केला जातो. असा सराव थकविणारा असतो व तो दिवसभर करता येत नाही. त्यामुळे विश्रांती हा त्याचाच भाग ठरतो.

ह्या अभ्यासातील सर्वोत्तम गटाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी १०,००० तासांहून अधिक होती. त्यावरून ‘दहा हजार तासांचा नियम’ लोकप्रिय लेखनात रूढ झाला. मात्र ती एका गटाची सरासरी होती. इतके तास घालविले की श्रेष्ठत्व येतेच, असे त्यातून सिद्ध होत नाही. ब्रुक मॅकनमारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०१६ मध्ये दाखविले, की खेळांमधील कामगिरीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यापैकी सु. १८ टक्के फरकाचा उलगडा अशा सरावाच्या प्रमाणावरून होतो. केवळ उच्चतम पातळीवरील खेळाडूंचा विचार केला, तर हे प्रमाण सु. १ टक्का एवढेच उरते. उच्चतम पातळीवर जवळजवळ सर्वांनीच भरपूर सराव केलेला असतो, हे त्याचे एक कारण होय. तेथे तासांच्या मोजणीने फारसे कळत नाही. शरीररचना, आनुवंशिक गुण, सुरुवातीची परिस्थिती, दुखापती व सरावाचा दर्जा ह्या गोष्टींना महत्त्व येते. ह्यांपैकी सरावाचा दर्जा ही गोष्ट प्रशिक्षकाच्या हाती पुष्कळच असते.

निरीक्षण व प्रत्याभरण : कृतीच्या परिणामाविषयी कृती करणाऱ्यास मिळणाऱ्या माहितीस प्रत्याभरण म्हणतात. प्रशिक्षकाचे बहुतेक काम ह्या सदरात मोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस अँजेल्स येथील बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन (१९१०–२०१०) यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. रोलँड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५ च्या हंगामात त्यांच्या सरावसत्रांचे निरीक्षण करून त्यांच्या प्रत्येक उद्गाराची नोंद केली. त्यांत स्तुतीचे प्रमाण अल्प होते व नापसंतीचेही जवळपास तितकेच अल्प होते. सु. तीनचतुर्थांश उद्गार काय करावे व कसे करावे, याची नेमकी माहिती देणारे होते. ते थोडक्यात, त्याच क्षणी व त्या विशिष्ट खेळाडूला उद्देशून काढलेले असत. वुडन प्रत्येक सत्राची आखणी आदल्या नोंदींवरून लेखी करीत असत.

प्रत्याभरण नेहमी हितकारकच असते, असे नाही. अव्राहाम क्लूगर व अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये ६०० हून अधिक निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात प्रत्याभरणाने सरासरीने कामगिरी सुधारल्याचे, परंतु एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगी ती खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून ढळून स्वतःच्या योग्यतेकडे वळले, तर हानी होते, असे त्यांचे मत आहे. ‘कोपर वर उचलले गेले’ ही माहिती खेळाडूला उपयोगी पडते. ‘तुला जमणारच नाही’ ह्यात सुधारण्याजोगे काहीच सांगितलेले नसते. तसेच प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळत गेल्यास खेळाडू तिच्यावर विसंबू लागतो. कॅरोली विन्स्टाइन व रिचर्ड श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगांत परिणामांची माहिती काही प्रयत्नांनंतरच दिली असता, कौशल्य अधिक टिकल्याचे दिसले. स्पर्धेत प्रशिक्षक जवळ नसतो, म्हणून सूचना हळूहळू कमी करीत जाऊन खेळाडूला स्वतःची चूक स्वतः ओळखण्यास शिकविणे, हे उत्तम प्रशिक्षणाचे लक्षण मानतात.

दडपण व अवधान : उद्दीपन व कामगिरी यांच्या संबंधाची चर्चा करताना रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांच्या १९०८ मधील उंदरांवरील प्रयोगांचा आधार घेतात. त्यांवरून पुढे असे सूत्र रूढ झाले, की उद्दीपन वाढत जाते तशी कामगिरी काही मर्यादेपर्यंत सुधारते व त्यापलीकडे खालावते; काम जितके नाजूक तितकी ही मर्यादा लवकर येते. भारोत्तोलकाला उपकारक ठरणारे उद्दीपन नेमबाजाचा हात कापवू शकते.

दडपणाखाली कसलेला खेळाडूही एकाएकी ढासळतो, त्याची कारणे रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये व सिआन बायलॉक आणि टॉमस कार यांनी २००१ मध्ये प्रयोगांद्वारे तपासली. यशाची चिंता वाढली, की खेळाडू आपोआप घडणाऱ्या हालचालींवर पुन्हा जाणीवपूर्वक ताबा मिळवू पाहतो व त्यामुळे त्यांची लय मोडते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागल्यास पाऊल चुकते, तसाच हा प्रकार होय. रिचर्ड मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फवरील प्रयोगात दाखविले, की तंत्राचे स्पष्ट नियम न शिकता कौशल्य आत्मसात केलेल्यांची कामगिरी तणावात टिकून राहिली, तर नियम घोकलेल्यांची तशी टिकली नाही. ऐन सामन्याच्या तोंडावर तंत्राविषयीच्या बारीक सूचना देणे का टाळावे, हे ह्यावरून कळते.

दृष्टी स्थिर करण्याचाही अभ्यास झालेला आहे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये बास्केटबॉलमधील मुक्तफेकीचा अभ्यास केला. निष्णात खेळाडूंची नजर फेकीच्या आधी लक्ष्यावर अधिक वेळ स्थिर राहते, असे त्यांना दिसून आले. पुढे अनेक खेळांत हाच अनुभव आला व नजर स्थिर ठेवण्याचे शिक्षण देण्याच्या पद्धती निघाल्या.

मानसिक कौशल्यांचे शिक्षण : शारीरिक कौशल्याप्रमाणे मनाची तयारीही सरावाने साधते, ह्या तत्त्वावर पुढील पद्धती आधारलेल्या आहेत. (१) ध्येयनिश्चिती : जिंकणे हे ध्येय प्रतिस्पर्ध्यावरही अवलंबून असते. म्हणून त्याच्या जोडीला स्वतःच्या कामगिरीचे व प्रत्यक्ष कृतीचे ध्येय ठरवून देतात. एडविन लॉक यांच्या संशोधनानुसार नेमके व काहीसे कठीण ध्येय मोघम उपदेशापेक्षा परिणामकारक ठरते. (२) मानसचित्रण : कृती न करता तिचा अनुभव मनात तपशीलवार उभा करणे. डेबोरा फेल्ट्झ व डॅनियल लँडर्स यांच्या १९८३ मधील विश्लेषणात ह्या पद्धतीचा मध्यम प्रमाणात लाभ आढळला. प्रत्यक्ष सरावाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही. (३) शिथिलीकरण : एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी स्नायू क्रमाक्रमाने ताणून सैल सोडण्याची पद्धत प्रचारात आणली. श्वासाचे नियमन हे दुसरे सोपे साधन होय. (४) कृतिपूर्व क्रम : सर्व्हिस किंवा नेम यांपूर्वी ठराविक हालचाली ठराविक क्रमाने करणे. ह्याने अवधान बाह्य गोंगाटापासून सुटून पुढील कृतीवर एकवटते. (५) स्वसंवाद : मनातल्या मनात स्वतःशी बोलल्या जाणाऱ्या शब्दांना वळण लावणे.

ह्या सर्वांच्या मुळाशी स्वक्षमतेविषयीचा विश्वास असतो. ॲल्बर्ट बांदुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये त्याची चार उगमस्थाने सांगितली : स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचे पाहिलेले यश, विश्वासू व्यक्तीचे शब्द आणि शरीराच्या अवस्थेचा लावलेला अर्थ. त्यांपैकी पहिले सर्वांत बळकट असते. म्हणून प्रोत्साहनाच्या भाषणापेक्षा खेळाडूला पेलेल असे यश मिळवून देणारा पाठ योजणे अधिक परिणामकारक ठरते.

प्रेरणा व परस्परसंबंध : बेंजामिन ब्लूम यांनी संपादित केलेल्या १९८५ मधील ग्रंथात क्रीडा, कला व विज्ञान या क्षेत्रांतील १२० यशस्वी तरुणांच्या जडणघडणीचा अभ्यास आहे. त्यांना बहुधा एकाच प्रकारचा शिक्षक अखेरपर्यंत लाभलेला नव्हता. पहिला शिक्षक प्रेमळ व गोडी लावणारा, दुसरा तंत्राबाबत काटेकोर व तिसरा त्या क्षेत्रातील निष्णात, असा क्रम त्यांत आढळतो. आरंभीच कडक शिस्तीचा निष्णात गाठ पडल्यास मूल खेळच सोडून देण्याचा संभव असतो.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या उपपत्तीनुसार स्वायत्तता, सक्षमता व आपुलकी ह्या तीन गरजा भागल्या, तर माणूस काम मनापासून व दीर्घकाळ करतो. अमेरिकेत रोनाल्ड स्मिथ व फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना अल्पकालीन शिक्षण दिले. चांगल्या प्रयत्नाची दखल घेणे, चुकीनंतर धीर देणे व मग सूचना करणे, शिक्षा टाळणे, अशी त्याची साधी सूत्रे होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा प्रशिक्षकांच्या संघांतील ५ टक्के मुलांनी, तर इतर संघांतील २६ टक्के मुलांनी पुढील हंगामात खेळ सोडल्याचे आढळले. दोन्ही गटांच्या जय-पराजयाच्या प्रमाणात विशेष फरक नव्हता.

भारतातील कार्य : भारतात तालमीतील वस्ताद व त्याचे पठ्ठे यांच्या नात्यातून प्रशिक्षणाची जुनी परंपरा चालत आली. आधुनिक काळात पतियाळा येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन होऊन प्रशिक्षकांच्या पद्धतशीर शिक्षणास आरंभ झाला. उत्कृष्ट प्रशिक्षकांसाठी भारत सरकारने १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत महाराष्ट्रातील कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत यांचा समावेश होता.

मुंबईतील शिवाजी पार्कवर क्रिकेटचे प्रशिक्षण देणारे रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांची पद्धत मानसशास्त्रीय परिभाषेत मांडलेली नव्हती; पण तिच्यातील तत्त्वे सहज ओळखता येतात. सचिन तेंडुलकर लहानपणी त्यांच्यासमोर प्रथम खेळावयास आले, तेव्हा त्यांच्या नजरेने बुजून गेले. वडील बंधू अजित यांच्या विनंतीवरून आचरेकर निघून गेल्याचे दाखवून दुरून पाहू लागले, तेव्हा मुलाचा खेळ खुलला. पुढे दिवसभराच्या सरावाने दमलेल्या तेंडुलकरांना पुन्हा फलंदाजीस उभे करून ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करणाऱ्यास ते मिळे. बाद न झाल्यास ते फलंदाजाचे होई. थकव्यात व अनेकांच्या देखत एकाग्रता टिकविण्याचा हा सराव होता. अशी मिळविलेली तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली. सराव स्पर्धेच्या परिस्थितीशी जुळता असावा, हे तत्त्व येथे नेमके पाळले गेले.

नाशिक येथील भीष्मराज बाम हे निवृत्त पोलीस अधिकारी महाराष्ट्रातील क्रीडा-मानसशास्त्राच्या प्रसारासाठी प्रसिद्ध होते. योगातील श्वसन, शिथिलीकरण व एकाग्रता यांची सांगड आधुनिक क्रीडेशी घालून त्यांनी नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड इत्यादींना मार्गदर्शन केले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे १० मी. एअर रायफल प्रकारात भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पात्रता फेरीअखेर ते चौथ्या स्थानावर होते. अखेरच्या नेमापूर्वी फिनलंडच्या स्पर्धकाशी त्यांची बरोबरी झाली होती. त्या नेमावर १०·८ गुण मिळवून त्यांनी एकूण ७००·५ गुणांसह विजय संपादन केला. त्यांच्या तयारीत स्वित्झर्लंडच्या माजी नेमबाज गॅब्रिएला ब्यूलमान यांचे मार्गदर्शन, मानसिक कौशल्यांचा सराव व बीजिंगच्या क्रीडागृहासारख्या प्रशस्त जागेत केलेला सराव यांचा समावेश होता. ह्या विजयानंतर आलेल्या रितेपणाविषयीही बिंद्रा यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. ध्येय गाठल्यावरही खेळाडूला आधाराची गरज असते, हे त्यावरून दिसते.

दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन यांनी २००८–११ या काळात प्रशिक्षक गॅरी कर्स्टन यांच्यासमवेत भारतीय क्रिकेट संघाच्या मानसिक तयारीचे काम पाहिले. ह्या संघाने २ एप्रिल २०११ रोजी मुंबई येथे विश्वचषक जिंकला. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ विजेता ठरलेल्या डी. गुकेशच्या तयारीतही अप्टन यांचा सहभाग होता. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ५० मी. रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे ह्या स्वतः २००४ च्या ऑलिंपिकमध्ये सहभागी झालेल्या नेमबाज होत.

क्रीडेबाहेरील उपयोजन : गायन-वादनात गुरूची जाणती श्रवणशक्ती प्रशिक्षकाच्या नजरेचेच काम करते. वैद्यक, शिक्षण यांसारख्या व्यवसायांत मात्र पदवी मिळाल्यावर शिक्षण संपले, असे मानण्याची प्रथा आहे. वडील महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेले शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी आपली प्रगती थांबल्याचे जाणवल्यावर एका निवृत्त ज्येष्ठ शल्यचिकित्सकास स्वतःच्या शस्त्रक्रिया पाहण्यास बोलाविले. कोपराची ठेवण, आच्छादनाची मांडणी, जखमेवरून सरकलेला प्रकाशझोत असे दोष त्यांना नव्याने कळले. २०११ मध्ये द न्यू यॉर्कर ह्या साप्ताहिकात त्यांनी हा अनुभव मांडला. निष्णाताने दुसऱ्यास आपल्या उणिवा दाखविण्याची मुभा देणे, हीच ह्या पद्धतीतील सर्वांत अवघड गोष्ट असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

मर्यादा व नैतिक प्रश्न : व्यक्तिमत्त्वचाचण्यांवरून भावी विजेता ओळखता येईल, अशी १९६० नंतरच्या दशकात मोठी अपेक्षा होती, पण ती फलद्रूप झाली नाही. मानसिक प्रशिक्षणाच्या अनेक अभ्यासांत खेळाडूंची संख्या अल्प असते व उच्चतम पातळीवर नियंत्रित प्रयोग करणे कठीण असते. त्यामुळे एखाद्या विजयाचे सर्व श्रेय एका पद्धतीस देणे युक्त नव्हे.

याहून गंभीर प्रश्न अधिकाराचा आहे. ज्याच्या शब्दावर निवड, आहार, विश्रांती व भवितव्य अवलंबून असते, त्याला विरोध करणे अल्पवयीन खेळाडूला जवळजवळ अशक्य असते. ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सविषयीच्या २०२२ मधील व्हाइट अहवालाने शारीरिक व मानसिक छळ हा काही व्यक्तींपुरता मर्यादित नसून व्यवस्थेतच मुरलेला होता, असा निष्कर्ष काढला. कठोरपणाने विजेते घडतात ही समजूत अशा छळाला आडोसा देते. मानसशास्त्रज्ञाने खेळाडूकडून ऐकलेली गोष्ट संघाच्या निवडकर्त्यांना सांगावी काय, हाही एक प्रश्न आहे. खेळाडूच्या संमतीवाचून ती सांगू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

२०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेतील आपल्या शरीराच्या स्थितीचे भान राहीनासे झाले, तेव्हा तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तशा अवस्थेत उडी मारणे जिवावर बेतले असते. २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने तीन सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळविले. दरम्यान, २०१९ मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तज्ञांचे एक सर्वसंमत निवेदन तयार करवून घेतले होते. श्रेष्ठ खेळाडूंमध्येही नैराश्य, चिंताविकार इ. आजार आढळतात व त्यांवर उपचार झाले पाहिजेत, असे त्यात नमूद केले आहे. असा आजार हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. त्याची लक्षणे दिसताच खेळाडूस मनोविकारतज्ञाकडे पाठविणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते. खेळाडूची कामगिरी सुधारणे व त्याचे हित जपणे, ही दोन्ही कामे एकाच नजरेने साधावयाची असल्यामुळे प्रशिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाला व त्याच्यावरील देखरेखीला आज सर्वत्र महत्त्व प्राप्त झाले आहे.